नमपाय अपग्रेड केलं आणि काट्याचा हिशेब बसला: डिपेंडन्सीचा गुंता सोडवण्याची पद्धत

कापसाचा हंगाम भरात आहे, काट्यासमोर बंड्या आणि ट्रॅक्टरांची रांग आहे, आणि दिवसाच्या वजनांचा गोषवारा काढणारी पायथनची स्क्रिप्ट उघडली तर पडदाभर लाल अक्षरं. आदल्या संध्याकाळी कुणी फार काही केलेलं नसतं. ‘पिप इन्स्टॉल --अपग्रेड नमपाय’ एवढी एकच ओळ. (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन.) वणी, हिंगणघाट, पांढरकवडा या भागातल्या जिनिंगमध्ये किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात अशा छोट्या स्क्रिप्टा एखाद्या पोट्ट्यानं लिहून दिलेल्या असतात. तो पुढं पुण्याला जातो, स्क्रिप्ट मागं राहते. हा लेख ती स्क्रिप्ट आता सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. उदाहरण नमपायचं, म्हणजे पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं, घेतलं आहे, कारण तिची 2.0 आवृत्ती 16 जून 2024 रोजी आली आणि तिनं बरंच काही मोडलं. 2006 मधल्या 1.0 नंतर तिची ही पहिलीच मोठी आवृत्ती. एक पॅकेज दुसऱ्याच्या आधारावर चालतं, यालाच डिपेंडन्सी म्हणतात; ती सोडवण्याची पद्धत मात्र कुठल्याही लायब्ररीला चालते.

एक खुलासा आधीच. कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. डॅश, बरोबर, अवतरण ही चिन्हं जशीच्या तशी.

सगळं पुसून टाकू नका

पहिला मोह असतो तो पायथनच उडवून नव्यानं टाकण्याचा. शहरात, चांगल्या लाइनवर, ते तासाभरात उरकतं. तालुक्याबाहेर, दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइल हॉटस्पॉटवर तो दिवस गेला म्हणून समजा. नमपायची एकटीची फाइल साधारण पंधरा-वीस एमबी, तिच्या आधारावर तक्ते हाताळणाऱ्या पँडाजची दहा-तेरा एमबी. त्यात सायकिट-लर्न आणि मॅटप्लॉटलिब अशा आणखी लायब्रऱ्या आल्या, मध्ये लाइन गेली, डाउनलोड तुटलं, की तेच पुन्हा. शिवाय पुसल्यावर आधी कोणत्या आवृत्त्या होत्या याचा पुरावाही जातो. तो पुरावाच पुढं सगळ्यात जास्त कामाचा.

म्हणून आधी पंचनामा. स्क्रिप्ट जिथून चालते त्याच टर्मिनलमध्ये:

पायथन --व्हर्जन
पायथन -एम पिप --व्हर्जन
पायथन -एम पिप फ्रीझ > बिघाड.टीएक्सटी

दुसऱ्या ओळीच्या उत्तरात पिप कोणत्या फोल्डरमधून चालतंय आणि ते कोणत्या पायथनचं आहे हे येतं. ते नीट वाचा. तिसरी ओळ बसलेल्या सगळ्या पॅकेजांच्या आवृत्त्या फाइलमध्ये लिहून ठेवते. एकाच संगणकावर दोन-तीन पायथन असणं फार साधी गोष्ट आहे: एक मूळ, एक ॲनाकोंडा या तयार संचाबरोबर आलेलं, एक कुणीतरी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून टाकलेलं. मग नुसतं ‘पिप’ एका पायथनमध्ये दुरुस्ती करतं आणि स्क्रिप्ट दुसऱ्यावर चालते. माणूस दुपारभर बरोबर कमांड चुकीच्या जागी मारत बसतो. म्हणूनच प्रत्येक वेळी नुसतं ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ लिहायचं. विंडोजवर ‘पीवाय -0पी’ असं टाकलं की बसवलेल्या सगळ्या पायथनची यादी पत्त्यांसकट मिळते. डेस्कटॉपवर स्क्रिप्ट उघडणारी बॅच फाइल असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून एडिट उघडा आणि आत कोणत्या पायथनचं नाव आहे तेही बघून घ्या.

लाल अक्षरांचा अख्खा मजकूर कॉपी करून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. फोनवरून काढलेल्या फोटोत नेमकी शेवटची ओळ कापली जाते, आणि तीच तर हवी असते.

चूक कुठल्या जातीची

अपग्रेडनंतरच्या चुका दिसायला सारख्या, पण त्यांच्या चार जाती आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. जात न ओळखता औषध दिलं की एकाच्या जागी दोन रोग होतात.

पहिली जात इन्स्टॉल करतानाच दिसते. पिप सांगतं की अमुक पॅकेजला नमपाय 2 पेक्षा खालची हवी, आणि तुमच्याकडे 2.1 आहे. इथं एक मेख आहे: बऱ्याचदा हा इशारा देऊनही पिप नवीन आवृत्ती बसवून मोकळं होतं. वर एरर, खाली ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’. लोक खालची ओळ वाचून खूश होतात. पिप फक्त त्या एका कमांडमध्ये मागितलेल्या पॅकेजांचा मेळ घालतं; आधीच बसलेल्यांचं काय होईल हे ते कळवतं, पण थांबत नाही. आणि मेळ बसतच नसेल तर ‘रिझोल्यूशनइम्पॉसिबल’ म्हणून हात वर करतं. तेव्हा काहीच बसलेलं नसतं, म्हणजे नुकसानही नसतं.

दुसरी जात बायनरीची, आणि नमपाय 2 चा खरा घोळ हाच. पँडाज, सायकिट-लर्न यांसारख्या लायब्रऱ्यांचा मोठा भाग सी भाषेसारख्या कंपाइल्ड कोडचा असतो. तो कंपाइल होताना नमपायच्या आतल्या रचनेची मापं त्यात पक्की बसतात, कोणता रकाना किती बाइटवर ते सगळं. नमपायनं 2.0 मध्ये ती मापंच बदलली. ज्या सुताराच्या मापानं चौकट केली तो बदलला, दार कसं बसणार? मग संदेश येतो तो असा काहीसा: ‘अ मॉड्यूल दॅट वॉज कम्पाइल्ड युझिंग नमपाय 1.एक्स कॅनॉट बी रन इन नमपाय 2’. किंवा ‘नमपाय.डीटाइप साइझ चेंज्ड, मे इंडिकेट बायनरी इनकम्पॅटिबिलिटी’ आणि पुढं दोन आकडे. किंवा अगदी खाली ‘_ॲरे_एपीआय नॉट फाउंड’. या तिन्हींचा अर्थ एकच. तुमच्या स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसू नका, ती तिथं नाही.

तिसरी जात नावांची. ‘ॲट्रिब्यूटएरर’ येते आणि पुढं एनपी.फ्लोट_ किंवा एनपी.एनएएन असं एखादं जुनं नाव काढून टाकल्याचं लिहिलेलं असतं. ही सगळ्यात सोपी.

चौथी जात अर्धवट इन्स्टॉलची. अपग्रेड चालू असताना लाइन गेली, किंवा स्क्रिप्ट उघडी असतानाच अपग्रेड केलं. विंडोज उघड्या प्रोग्रामच्या डीएलएल फाइली बदलू देत नाही. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणतं आणि अर्धं जुनं, अर्धं नवं राहतं. त्यानंतर पिपची प्रत्येक कमांड ‘इग्नोअरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्यूशन’ असा पिवळा इशारा देत राहते, आणि पुढं पॅकेजचं पहिलं अक्षर खाल्लेलं नाव असतं.

गुन्हेगार वाचायचा कसा

दुसऱ्या जातीच्या चुकीत लोक हमखास चुकीच्या पॅकेजला धरतात, म्हणून इथं थोडं थांबू.

ट्रेसबॅक, म्हणजे तो लाल अक्षरांचा मजकूर, वरून खाली वाचतात. सगळ्यात वर तुमच्या स्क्रिप्टची ओळ असते, समजा ‘इम्पोर्ट पँडाज ॲज पीडी’. तिच्याखाली एकेक फाइलचा पत्ता, आणि तळाशी खरी चूक. प्रत्येक पत्त्यात ‘साइट-पॅकेजेस’ हा शब्द शोधा. त्याच्या लगेच पुढं आलेलं फोल्डरचं नाव म्हणजे पॅकेज. तळाच्या चुकीच्या सर्वांत जवळ ज्याचं नाव आहे, तो आरोपी.

वरून पँडाज दिसतं, म्हणून पँडाज नवं केलं, तरी संदेश जात नाही, असं पुष्कळदा होतं. कारण पँडाज उघडताना वेग वाढवण्यासाठी नमएक्स्प्र आणि बॉटलनेक ही दोन पॅकेजं संगणकावर आहेत का ते बघतं, आणि असतील तर त्यांनाही हाक मारतं. ती जुन्या नमपायवर कंपाइल झालेली असली की संदेश त्यांच्यामुळं येतो आणि आळ पँडाजवर. ॲनाकोंडा असलेल्या संगणकांवर ही दोन बहुधा सोबत आलेलीच असतात. तुमची स्क्रिप्ट त्यांना थेट वापरत नसेल तर अपग्रेड करायचीही गरज नाही. अनइन्स्टॉल करा, पँडाज त्यांच्याशिवाय आपलं काम करतं.

आता तपासणीची कमांड:

पायथन -एम पिप चेक

ही बसलेल्या पॅकेजांच्या मागण्या एकमेकींशी जुळवून बघते. नेट लागत नाही, क्षणात होते. पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. ती फक्त पॅकेजनं स्वतःबद्दल लिहून ठेवलेली माहिती वाचते. पँडाज 2.0.3 निघालं तेव्हा नमपाय 2 आलेलीच नव्हती. त्यामुळं त्याच्या माहितीत ‘अमुक आवृत्तीपेक्षा वरची’ एवढंच आहे, वरची मर्यादा नाही. परिणामी पिप चेक ‘नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड’ म्हणतं आणि स्क्रिप्ट मात्र उघडत नाही. कागद बरोबर, माल खराब.

नमपायवर कोण कोण अवलंबून आहे ते उलटं बघायला पिपडेप्ट्री नावाचं छोटं पॅकेज आहे, काही केबींचंच:

पिपडेप्ट्री --रिव्हर्स --पॅकेजेस नमपाय

यात येणारी यादी म्हणजे अपग्रेडचा पसारा. ती दोन नावांची असेल तर पुढं जायला हरकत नाही. पंधरा नावांची असेल तर हंगाम संपेपर्यंत मागंच राहा.

आधी काटा चालू करा

रांगेतल्या कास्तकाराला नमपायची आवृत्ती कोणती याच्याशी देणंघेणं नाही. पहिलं काम म्हणजे स्क्रिप्ट जुन्या आवृत्त्यांवर चालू करणं, आणि तेही बिघडलेल्या जागी ठोकपीट न करता बाजूला नवं आभासी वातावरण, म्हणजे स्वतःची वेगळी पॅकेजं असलेलं फोल्डर, करून. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये:

पायथन -एम व्हीईएनव्ही जुने

विंडोजवर ‘जुने\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’, लिनक्सवर ‘सोर्स जुने/बिन/ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात नाव आलं की आपण आत आहोत. मग:

पायथन -एम पिप इन्स्टॉल "नमपाय<2" "पँडाज<2.2"

अवतरणचिन्हं शोभेसाठी नाहीत. ती गाळली तर शेल ‘<’ या चिन्हाचा अर्थ ‘2 नावाच्या फाइलमधून वाच’ असा घेतं आणि फाइल सापडत नाही म्हणून ओरडतं. त्याहून वाईट म्हणजे ‘>=2’ अवतरणांशिवाय लिहिलं तर काहीच ओरड होत नाही: अट गळून पडते, पिप मनाला येईल ती आवृत्ती बसवतं, आणि फोल्डरमध्ये ‘=2’ किंवा नुसत्या ‘2’ नावाची एक विचित्र फाइल तयार होते. अशी फाइल दिसली तर कुणी काय केलं ते कळलंच. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एकेरी अवतरण चालत नाही, दुहेरीच हवं.

या कमांडनं नमपाय 1.26.4 यायला हवी, 1.एक्स मालिकेतली ती शेवटची. ती न येता भलतंच लांबलचक कंपाइलचं पुराण सुरू झालं, मेसन, जीसीसी किंवा व्हिज्युअल सी++ अशी नावं दिसू लागली, तर कंट्रोल-सी दाबून थांबवा आणि पायथनची आवृत्ती बघा. 1.26.4 च्या तयार फाइली पायथन 3.9 ते 3.12 साठीच आहेत. संगणकावर पायथन 3.13 असेल तर पिपला तयार फाइल मिळत नाही, ते मूळ कोड उतरवून स्वतः कंपाइल करायला बसतं, आणि कंपायलर नसल्यानं शेवटी आपटतं. हे आधीच रोखायला कमांडमध्ये ‘--ओन्ली-बायनरी=:ऑल:’ जोडा; मग तयार फाइल नसेल तर पिप लगेच नाही म्हणतं, डेटा वाचतो. उपाय म्हणजे 3.12 किंवा 3.11 शेजारी बसवून ‘पीवाय -3.11 -एम व्हीईएनव्ही जुने’ असं वातावरण करणं.

उलट बाजूही आहे. काट्याजवळचा संगणक पुष्कळदा दहा-बारा वर्षांचा असतो. विंडोज 7 असेल तर पायथन 3.8 च्या पुढं जाताच येत नाही, आणि 3.8 वर नमपाय 1.24.4 आणि पँडाज 2.0.3 हाच शेवटचा थांबा. अशा यंत्रावर नमपाय 2 चा विचार सोडून द्या; त्या दोन आवृत्त्या पक्क्या करा आणि निवांत राहा.

लिनक्सवर, डेबियन 12 किंवा उबुंटू 23.04 आणि पुढं, थेट पिप वापरलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरनमेंट’ म्हणून नकार येतो. त्यावर ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय इंटरनेटवर सर्रास सांगितला जातो. नावातच काय होणार ते लिहिलं आहे. वर सांगितलेलं आभासी वातावरण हाच सरळ मार्ग.

आता बॅच फाइलमध्ये नुसत्या ‘पायथन’च्या जागी ‘जुने\स्क्रिप्ट्स\पायथन.एक्सई’चा पूर्ण पत्ता टाका. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्येही तोच बदल. हा हमखास विसरतो आणि रात्रीचा अहवाल येत नाही. या फोल्डरचं नाव नंतर बदलू नका, ते दुसरीकडे हलवूही नका. त्याच्या आत पूर्ण पत्ते कोरलेले असतात, हलवलं की मोडतं.

मग पुढं जा, पण एकत्र

काटा सुरू झाला, रांग सरली, की शांतपणे दुसरं वातावरण करा: ‘पायथन -एम व्हीईएनव्ही नवे’. नियम एकच, आणि तो पाळला तर निम्मा त्रास वाचतो: जी पॅकेजं एकमेकांवर अवलंबून आहेत ती एकाच कमांडमध्ये मागायची. आधी नमपाय, मग पँडाज, मग तिसरं असं सुटं सुटं केलं की प्रत्येक कमांड मागचीनं बसवलेलं हलवते.

पायथन -एम पिप इन्स्टॉल --ड्राय-रन "नमपाय>=2" "पँडाज>=2.2.2" "सायकिट-लर्न>=1.4.2"

ड्राय-रन म्हणजे नुसती रंगीत तालीम; काय बसेल ते शेवटच्या ओळीत कळतं, बसत काही नाही. हा पर्याय पिप 22.2 पासून आहे. आकडे उगाच नाहीत: पँडाजमध्ये 2.2.2 आणि सायकिट-लर्नमध्ये 1.4.2 पासून नमपाय 2 चालते. तालीम चालू असताना पिप एकाच पॅकेजच्या एकामागून एक जुन्या आवृत्त्या चाचपू लागलं, तर तो मेळ शोधण्याचा खटाटोप असतो आणि त्यात डेटा भराभर जातो. थांबवा. ज्या पॅकेजवर ते घुटमळतंय त्याला स्वतःच खालची मर्यादा द्या, शोध आटोपशीर होतो.

नमपायच्या नव्या आवृत्त्या जुनं पायथनही सोडत जातात: 2.0 ला पायथन 3.9 पुरतं, 2.1 ला 3.10 लागतं, 2.3 ला 3.11. पिप हे स्वतः बघतं. त्यामुळं ‘ताजी आवृत्ती का येत नाही’ याचं उत्तर बहुधा पायथनच्या आवृत्तीत असतं.

आता नावं. एनपी.फ्लोट_ च्या जागी एनपी.फ्लोट64, मोठ्या अक्षरांतल्या एनएएन आणि आयएनएफच्या जागी छोट्या अक्षरांतली, प्रॉडक्टच्या जागी प्रॉड, क्युमप्रॉडक्टच्या जागी क्युमप्रॉड, ऑलट्रूच्या जागी ऑल, समट्रूच्या जागी एनी. एनपी.इंट, एनपी.फ्लोट, एनपी.बूल ही त्याहून जुनी नावं 1.24 मध्येच गेली. त्यांच्या जागी साधे इंट, फ्लोट, बूल. स्क्रिप्ट मोठी असेल तर हातानं शोधू नका. रफ नावाच्या साधनात याचसाठी एक नियम आहे (त्यातली एनपीवाय ही अक्षरं मात्र मोठी टाइप करायची):

रफ चेक --सिलेक्ट एनपीवाय201 --फिक्स

स्क्रिप्टची प्रत बाजूला ठेवून मगच चालवा.

न ओरडता बदलणारे आकडे

चूक दाखवून थांबणारी स्क्रिप्ट परवडते. न थांबता वेगळा आकडा छापणारी परवडत नाही, आणि नमपाय 2 मध्ये अशी एक जागा आहे जी हिशेबाच्या कामात नेमकी नडते.

पूर्वी फ्लोट32 प्रकारचा (32 बिटांत साठवलेला) एकटा आकडा आणि पायथनचा साधा दशांश आकडा यांचा गुणाकार केला तर उत्तर फ्लोट64 (64 बिटांत, जास्त अचूक) मध्ये यायचं. आता ते फ्लोट32 मध्येच राहतं. काट्याच्या इंडिकेटरकडून आलेली वजनं जागा वाचवण्यासाठी फ्लोट32 च्या ॲरेमध्ये ठेवलेली आहेत आणि लूपमध्ये एकेक वजन घेऊन भावानं गुणून बेरीज केली जाते, असं समजा. 12.35 क्विंटल गुणिले 7,521 रुपये, हा 2024-25 च्या हंगामातला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, 92,884.35 रुपये. इथवर फरक पैशाच्याही आत. पण फ्लोट32 मध्ये सातच्या आसपास अंक मावतात. बेरीज पाच-दहा लाखांच्या घरात गेली की दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर सहा पैशांपर्यंत जातं. 83,88,608 रुपयांच्या पुढं, म्हणजे दोनाचा तेविसावा घात ओलांडला की, ते पूर्ण एक रुपया होतं. पैसे त्यात राहूच शकत नाहीत. आणि 1,200 क्विंटलची आवक झालेल्या दिवशी याच भावानं रक्कम होते 90,25,200. मुनीमजींच्या वहीशी संध्याकाळी चार-दोन रुपयांचा फरक पडतो, दोघंही आपलंच बरोबर म्हणतात, आणि दोष कुठं आहे ते कुणाला दिसत नाही.

उपाय एका शब्दाचा: वजनं वाचल्याबरोबर ‘.ॲस्टाइप(एनपी.फ्लोट64)’. पैशांच्या हिशेबात फ्लोट32 ला जागाच देऊ नये, आवृत्ती कुठलीही असो.

दुसरी किरकोळ पण दिसायला वाईट गोष्ट. नमपायचे आकडे असलेली यादी तशीच छापली तर आता पावतीवर 12.35 च्या जागी ‘एनपी.फ्लोट64(12.35)’ उमटतं. छापण्याआधी ‘फ्लोट()’ मध्ये गुंडाळा किंवा ‘.टूलिस्ट()’ वापरा.

म्हणून नव्या वातावरणावर काटा सोपवण्याआधी मागच्या हंगामातल्या एखाद्या जास्त आवकेच्या दिवसाची फाइल घ्या. कमी आवकेची नको, वरचा दोष तिच्यात दिसणारच नाही. ती ‘जुने’ आणि ‘नवे’ दोन्हींवर चालवा आणि निघालेल्या फाइली शेजारी ठेवा. विंडोजवर ‘एफसी’, लिनक्सवर ‘डिफ’ ही कमांड फरकाच्या ओळी दाखवते. त्या दिवसाच्या फाइलीत 8 टक्के ओलाव्याचा, 12 टक्क्यांचा आणि त्यापुढं जाऊन परत गेलेला, असा तिन्ही तऱ्हांचा माल असेल तर उत्तम, म्हणजे कपातीचं गणितही तपासलं जातं.

लाइन गेली तेव्हा

अर्धवट इन्स्टॉल दुरुस्त करायला आधी स्क्रिप्टची सगळी खिडक्या-दारं बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये पायथन उरलं नाही ना ते बघा. मग ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डरमध्ये ‘~’ या चिन्हानं सुरू होणारी फोल्डरं शोधा. पिपनं जुनं पॅकेज काढताना तात्पुरतं नाव बदलून ठेवलेली ही उष्टी पात्रं. ती काढून टाका आणि:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --फोर्स-रीइन्स्टॉल --नो-डेप्स "नमपाय==1.26.4"

नो-डेप्स नसेल तर फोर्स-रीइन्स्टॉल त्या पॅकेजखालचं सगळं झाड उपटून पुन्हा लावतं. उबुंटूवर सिस्टिमचं अपग्रेड मध्येच तुटलं असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. क्रम हाच.

नेट रडतखडत चालत असेल तर पिपला धीर धरायला सांगता येतं. मुळात ते 15 सेकंद वाट बघतं आणि 5 वेळा प्रयत्न करतं. ‘--टाइमआउट 120 --रिट्राइज 10’ दिलं की बऱ्याच तुटक्या लाइनींवर काम भागतं.

पेनड्राइव्हवरचं कोठार

खरं म्हणजे काट्यावरच्या संगणकाला पॅकेजसाठी नेट लागूच नये. नागपूर-अमरावतीला किंवा तालुक्याच्या गावी कुणी जात असेल तेव्हा चांगल्या लाइनवर एकदाच सगळं उतरवून आणायचं. तिथला लॅपटॉप लिनक्सचा आणि काट्यावरचा विंडोजचा असला तरी चालतं:

पायथन -एम पिप डाउनलोड -आर पक्के.टीएक्सटी -डी कोठार --प्लॅटफॉर्म विन_एएमडी64 --पायथन-व्हर्जन 3.11 --ओन्ली-बायनरी=:ऑल:

शेवटचा पर्याय गाळला तर प्लॅटफॉर्म सांगू दिलाच जात नाही. पायथनची आवृत्ती काट्यावरच्या संगणकाची लिहायची, लॅपटॉपची नव्हे. इथं चूक झाली तर पेनड्राइव्ह भरून येतो आणि गावात आल्यावर एकही फाइल बसत नाही. फाइलच्या नावातच ते लिहिलेलं असतं: सीपी311 म्हणजे पायथन 3.11, विन_एएमडी64 म्हणजे 64 बिटचं विंडोज. निघण्याआधी चार फाइलींची नावं वाचा. पायथनचा इन्स्टॉलरही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

गावात आल्यावर, आभासी वातावरणाच्या आत:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=कोठार -आर पक्के.टीएक्सटी

नो-इंडेक्समुळं पिप इंटरनेटकडे ढुंकूनही बघत नाही. दोन मिनिटांचं काम.

ही ‘पक्के.टीएक्सटी’ म्हणजे चाचणीत उतरलेल्या वातावरणाचा पिप फ्रीझ, प्रत्येक ओळीत ‘==’ आणि नेमका आकडा. तिच्यासोबत ‘हवे.टीएक्सटी’ नावाची दुसरी छोटी फाइल ठेवा, ज्यात स्क्रिप्ट थेट वापरते तेवढीच तीन-चार नावं आणि त्यांच्या मर्यादा. फ्रीझच्या पंधरा-वीस ओळींत मूळ गरज कोणती आणि सोबत आलेलं वऱ्हाड कोणतं ते वर्षानं कळत नाही. पुढच्या अपग्रेडला ‘हवे’ मध्ये बदल करायचा, नव्या वातावरणात बसवायचं, तपासायचं, मग त्यातून नवी ‘पक्के’ काढायची. यूव्ही हे पिपसारखंच साधन असेल तर ‘यूव्ही पिप कंपाइल हवे.टीएक्सटी -ओ पक्के.टीएक्सटी’ हे काम एका फटक्यात करतं, आणि कोणती ओळ कुणामुळं आली तेही शेजारी लिहून देतं.

‘जुने’ हे फोल्डर सरकी-रुईचा शेवटचा हिशेब मिटेपर्यंत राहू द्या. दीड-दोनशे एमबी जागा अडते, तेवढी अडू द्यावी. बॅच फाइलचीही जुनी प्रत शेजारी असू द्या, म्हणजे नव्यात काही अडलंच तर काट्यावरचा माणूस कुणाला फोन न करता दुसऱ्या आयकॉनवर डबल क्लिक करून मागं जाईल.